थांबण्याच्या चार आकडे आधी

पडद्याच्या खालच्या काठात शिशाच्या चपट्या चकत्या शिवतात. पडदा वाऱ्यावर नाचू नये म्हणून.

*

क्रेनचा ब्रेक कायम लागलेलाच असतो. करंट दिला की सुटतो, करंट गेला की स्प्रिंग त्याला परत आवळते. बाहेरच्या माणसाला नेहमी उलटं वाटतं.

*

एक माणूस उघड्या दारात उभा आहे. त्याला आत यायचंय. पाय धडधाकट आहेत. सात मिनिटं झाली.

*

कप अर्धाच भरायचा. बशी नको.

*

हात बाजूला सरळ, तळवा जमिनीकडे, हालचाल शून्य: थांब.
हात बाजूला, बोट जमिनीकडे, गोल गोल: अजून खाली.

*

"ताई, तुमचं 'थांब' मला वरून 'अजून खाली' दिसतं."

*

हे शेवटचं वाक्य तिची धाकटी जाऊ बोलली, क्रेनच्या केबिनमधून खाली उतरून, फोरमनच्या आणि अख्ख्या पाळीच्या समोर.

जिला ते ऐकवलं, त्या ताईला कारखान्यात सगळे 'वरची' म्हणतात. पोलादी पत्र्याचे रोल उचलणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये ती एकोणीस वर्षं बसली, पस्तीस फुटांवर. गेल्या वर्षी मेंदूच्या मागच्या भागात एक रक्तवाहिनी बंद पडली आणि छोट्या मेंदूचा तुकडा गेला. ताकद गेली नाही, बुद्धी गेली नाही. हात फक्त हव्या त्या जागी थांबेना. कपाकडे निघालेला हात कपाच्या पुढे जायचा, मागे यायचा, पुन्हा पुढे, आणि जितका जवळ तितका जास्त हलायचा.

केबिनची शिडी आता बंद. ते तिने मान्य केलं होतं, त्यावर वाद नव्हता. पण खाली जमिनीवर उभं राहून ऑपरेटरला खुणा करायच्या कामाची एक जागा रिकामी होती. ती तिला हवी होती. रोल कसा डोलतो हे तिच्याइतकं त्या छताखाली कुणाला कळत नव्हतं.

चाचणी झाली. जाऊ वर, ती खाली. रोल ज्यांवर टेकवायचा त्या ठोकळ्यांच्या वर आला, तिने 'थांब'साठी हात बाजूला नेला. हात पोचला आणि टोकाला गोल गोल फिरायला लागला. जावेने रोल जागीच रोखला, कारण खूण कळली नाही तर थांबायचं असा नियम आहे. मग खाली येऊन तिने ते वाक्य म्हटलं.

फोरमन म्हणाला, "सहा आठवडे देतो. मग एकदाच बघू. नाही जमलं तर गेटवर पास तपासायचं काम आहे. खुर्ची आहे, पंखा आहे."

"पंखा घरी आहे," ती म्हणाली.

*

दोघी जावांचा स्वयंपाक एकाच ओट्यावर होतो. त्या संध्याकाळी भांडी जरा जास्तच आपटत होती.

"रागावलात?" जाऊ.

"खोटं बोलली असतीस तर कानाखाली दिली असती."

"लागली असती का पण? नेम कुठाय तुमचा?"

वरची हसली, इतकी की ओट्याला धरावं लागलं. जाऊही हसली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "ताई, पुढच्या वेळीही मी तेच सांगणार. दिसलं नाही तर दिसलं नाही."

"मी काय वेगळं शिकवलंय तुला?"

*

दारात उभा असलेला तो माणूस म्हणजे मास्तर. शिंपी. वय पासष्ट, कंपवात. फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये दोघांची वेळ एकच. दार आलं की त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. शेवटी त्याने खिशातला कापडावर आखायचा खडू काढला आणि कसाबसा वाकून उंबऱ्यापाशी चार आडव्या रेघा मारल्या. रेघा दिसल्यावर तो त्यांच्यावरून ढांगा टाकत सरळ आत आला.

"हे कसं काय?" तिने विचारलं.

"चालता येत नाही, पण रेघ ओलांडता येते. मला विचारू नका, त्या पोरीला विचारा."

ती पोर म्हणजे थेरपिस्ट. तिने कागदावर डोक्याचं चित्र काढलं, बटाट्यासारखं.

"इथे आत, खोलवर, पेशींचे पुंजके असतात. बेसल गँग्लिया. ते प्रत्येक हालचाल दाबून धरतात. हवी ती एकच सोडायची, बाकीच्या धरून ठेवायच्या, हे त्यांचं काम. सोडायला डोपामिन लागतं, आणि काकांचं तेच कमी झालंय. म्हणून आपोआप सुरुवात होत नाही. डोळ्यांसमोर रेघ असली की मेंदू दुसऱ्या वाटेने जातो."

वरची चित्राकडे बघत राहिली. "म्हणजे ब्रेक कायम लागलेला, आणि करंट दिला की सुटतो."

"तसंच काहीसं."

"मास्तर, तुमचा ब्रेक एकदम चांगला आहे हो. करंट कमी पडतोय."

"वीज कंपनीला कळवतो," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, चेहरा हलत नव्हता. विनोद केला हे शब्दांवरूनच ओळखायचं.

थेरपिस्टने बटाट्याच्या मागे, मानेच्या वर एक छोटा गोळा काढला. "हा तुमचा. छोटा मेंदू. हात निघाला की हा आधीच ताडतो, कुठे पोचणार, कधी आवरायचा. चूक दिसायच्या आधी दुरुस्ती. आता तुमची दुरुस्ती उशिरा पोचते. तोवर हात पुढे गेलेला असतो, मग ती दुरुस्तीच नवी चूक होते."

"ब्रेक सुटतो," वरची म्हणाली, "पण केबिनमध्ये कुणी नाही."

*

इथे तिने जी चूक केली ती फक्त क्रेनवालीच करू शकते.

लटकलेला रोल झोका घ्यायला लागला तर चांगला ऑपरेटर त्याच्या मागे क्रेन पळवतो. झोका टोकाला पोचतो त्या क्षणी क्रेन बरोबर त्याच्या डोक्यावर आणायची. झोका मरतो. तिचा यात हातखंडा होता. म्हणून पहिले दहा दिवस ती हाताचा झोका पकडत राहिली. हात डावीकडे गेला की उजवीकडे ओढ, उजवीकडे गेला की डावीकडे. पाण्याचा ग्लास भिंतीवर गेला. दुसराही गेला. तिसरा स्टीलचा आणला.

झोका पकडायचा तर तो कुठे जाणार हे आधी कळावं लागतं. तिला आता गेल्यावर कळत होतं.

दहाव्या दिवशी थेरपिस्टने तिच्या फाइलमध्ये काही लिहिलं. तिने ते उलट्या बाजूने वाचलं: 'हालचाल तुकड्या-तुकड्यांत.'

"हे काय?"

"लक्षण आहे. खांदा, कोपर, मनगट सगळ्यांचं एकत्र हलतं. तुम्ही एकेक वेगळं हलवता."

"वाईट?"

"आजाराचं आहे, म्हणून लिहिलं."

"आमच्याकडे त्याला शिकाऊ म्हणतात," ती म्हणाली.

क्रेनला तीन लिव्हर असतात. पुढे-मागे, आडवं, वर-खाली. मुरलेला ऑपरेटर तिन्ही एकदम चालवतो. नव्याला पहिले तीन महिने एका वेळी एकच. एक थांबला, पूर्ण थांबला, मगच दुसरा. तिने स्वतःच्या जावेच्या बोटांवर पट्टी मारली होती यावरून.

म्हणजे परत पहिल्या दिवसापासून. ठीक आहे.

*

खांदा. थांबला? थांबला.
कोपर. थांबलं? नाही. वाट बघ. आता थांबलं.
मनगट.

*

"मास्तर, शिसं लावता येईल का बाहीला? पडद्याला लावता तसं."

थेरपिस्टनेच तिच्या मनगटाला वाळूची पिशवी बांधून बघितली होती. वजनाने हात जरा शांत राहायचा. पण पिशवी घसरायची आणि खूण झाकायची.

मास्तर तिच्या मनगटाकडे बघत बसला. "माझी सुई सुरूच होत नाही बाई. झाली तर टाके बारीक होत जातात. शेवटी तर दिसतही नाहीत."

"मी मोजते. तुम्ही शिवा."

रोज व्यायामानंतर अर्धा तास. ती बाकावर बोटाने ठोकायची: एक, दोन. 'एक'ला सुई आत, 'दोन'ला बाहेर. तिचा ठोका मागे-पुढे व्हायचा, तरी मास्तरला पुरायचा.

"गंमत बघा," मास्तर म्हणाला. "माझा हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लागला की शांत. तुमचा कामाला लागला की सुरू."

"दोघांचा मिळून एक धड माणूस होईल."

"शिवून देतो," मास्तर म्हणाला. "अस्तर तुमचं."

केशरी रंगाचा पट्टा नऊ दिवसांत झाला. आत सहा चकत्या. एका टोकाला टाके लांब, दुसऱ्या टोकाला मुंगीच्या पावलांएवढे.

*

तरीही हात जागेवर जाऊन स्थिर व्हायला वेळ लागायचा. तिने मनात एक, दोन म्हणत मोजला. चार आकडे. कधीच तीन नाहीत.

क्रेनला चार आकडे परवडत नाहीत. सावकाश गतीलासुद्धा रोल एका आकड्याला चार बोटं उतरतो. चार आकड्यांत सोळा बोटं. तेवढ्यात पाय जातो.

दोन दिवस ती बोटं आणि आकडे मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने जावेला दोरी आणि बादली घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं.

"एका आकड्याला चार बोटं सोडायची. माझा हात थांबलेला दिसला की रोखायची. आधी नाही."

"आणि नाही दिसला तर?"

"तर बादली माझ्या पायावर."

पहिल्या दिवशी बादली पायावर आली, पाण्यासकट. दुसऱ्या दिवशीही. जाऊ वरून ओरडली, "ताई, मला तीन महिने रडवलंत ना, आता बघा मजा!" पण दोरी ती अगदी मापात सोडत होती.

बादली जमिनीपासून सोळा बोटं वर असतानाच 'थांब' सुरू करायचं, हे बोलायला सोपं होतं. रिकामी हवा दिसत असताना हात उचलायचा, आणि आपण चुकत नाही आहोत यावर विश्वास ठेवायचा. छोटा मेंदू जे न सांगता करायचा, ते तिला आता मोजून करायचं होतं. चौथ्या आठवड्यात बादली जमिनीच्या दोन बोटं वर थांबली. मग परत पायावर. मग सलग अकरा वेळा थांबली. बाराव्या वेळी शेजारीण विचारायला आली की विहीर कुठे खणताय.

*

फॉर्म, फोरमनच्या टेबलावर.

खुणांचे काम करण्यास अडथळा आणेल असा आजार: आहे.
अडथळा कोणता: हात थांबायला चार आकडे लागतात.
त्यावर उपाय: थांबणं चार आकडे आधी सुरू करते.
अचानक थांबवावे लागल्यास:

इथे फोरमनने बोट ठेवलं. "हे रिकामं आहे."

"चाचणीत दाखवते."

*

रोल सात टनांचा. जाऊ वर. वरची खाली, केशरी पट्टा मनगटावर, ओठांत शिट्टी.

रोल आडवा आला. खुणा एकेक, संथ. पाळीतला कुणीतरी म्हणाला, "वरची म्हातारी झाली." तिने ऐकलं. खांदा. कोपर. मनगट. रोल उतरायला लागला.

ठोकळ्यांपासून हातभर वर, तो सोळा बोटांवर यायची ती वाट बघत असताना, फोरमनने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि पायाने सरळ रोलखाली ढकललं.

तिने हात उचललाच नाही. शिट्टी मारली.

शिट्टी कुणाचीही असो, क्रेन थांबते, हा नियम. जावेने थांबवली. हेल्मेट आणि रोल यांच्यामध्ये एक वीत उरली. मग तिचा हात निघाला, मागाहून, आपल्या चार आकड्यांत, आणि बाजूला सरळ उभा राहिला. टोकाला जरासा हलला. निवला.

फोरमन वाकून हेल्मेट काढायला गेला.

"रोलखाली हात घालायचा नाही," शिट्टी काढून ती म्हणाली. "काठीने ओढा."

त्याने काठीने ओढलं.

मग सोळा बोटं, चार आकडे, आणि रोल ठोकळ्यांवर टेकला, आवाज न करता. जाऊ शिडीवरून उतरली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने घाई केली नाही, हातमोजे काढले, कमरेच्या पट्ट्यात खोचले.

"दिसलं," ती म्हणाली.

फोरमनने फॉर्मवरचा रिकामा रकाना भरला: शिट्टी. "सोमवारपासून. सहा महिने मी शेजारी उभा राहणार."

"राहा. हेल्मेट घालून."

*

ज्या दिवशी रक्तवाहिनी बंद पडली, त्या दिवशी हुकाला नऊ टनांचा रोल लटकत होता. तिला दोन-दोन ठोकळे दिसत होते. तिने लिव्हर एकेक करून वापरले, रोल खाली टेकवला, आणि मगच मदतीची घंटा दाबली.