शिवांजलीच्या डबीतली पांढरी माती

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. डोळा एकच, पण मित्रांनो, त्या डोळ्याने इतके जंत पाहिलेत की स्वच्छ दिसणाऱ्या कशावरही माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. माणसांवर तर नाहीच नाही.

कोकणातल्या एका कॉलेजात पोरांनी माझे स्क्रू पिळून पिळून मला खिळखिळे केले आणि अडगळीत फेकले. तिथून संशोधन करणाऱ्या शिवांजलीने मला उचलले. समुद्री माशाच्या आतड्यातले जंत पाहून तो मासा कुठे हिंडला, हे ती सांगायची. मग तिला नवाच नाद लागला. जुन्या काळी हा मासा विकायला आपल्या बीडकडे येत होता का? ते मातीवरून कळेल, कारण तो खाणाऱ्याच्या पोटातल्या जंतांची अंडी मातीत शेकडो वर्षे टिकतात म्हणे.

ती मला घेऊन चौसाळ्याला माहेरी आली. घर लिंगायत वाण्याचे, मासा दाराबाहेरच! गावाबाहेरच्या ओसाड पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावर ती माती उकरून डबीत भरू लागली आणि गावात नव्या एसटीडी बूथवर एकच चर्चा सुरू झाली, गुरुलिंगअण्णांची पोर गुप्तधन शोधतेय.

"खरं सांग, हंडा गावला का?" भाऊ केदारनाथ विचारी.

"आरं, जुन्या शौचखड्ड्याची माती हाय ती."

"त्याच्यासाठी कोन एवढं राबतंय? कशापायी फसवतीस?"

त्याची ती डबी हातात तोलून पाहायची सवय मला अजिबात आवडत नसे.

खंडेनवमीला तिचे मार्गदर्शक सुंदरराव सर येणार होते. जंताचे अंडे स्वतः पाहिल्याशिवाय ते प्रबंधावर सही करणार नव्हते. आणि त्याच सकाळी डबी रिकामी! मी केदारवर डोळा रोखला. शिवांजलीने तर त्याची कॉलरच धरली.

"आईची आन, म्या न्हाई घेतली!"

तेवढ्यात आई मल्लम्मा पूजेचे ताट घेऊन आली. "इभूत संपलीती. म्हनलं, पोरीनं धर्मापुरीच्या देवळातली आनली आसंल." तराजू, गल्ला, घरातली कपाळे, सगळीकडे तीन बोटे ओढून झाली होती. माझी नळीसुद्धा सुटली नव्हती!

शिवांजलीने कपाळावर हात मारला, मग कुंचला घेऊन सगळ्यांना ओळीने बसवले आणि एकेकाच्या कपाळावरची माती झाडून माझ्याखाली धरली. अण्णांच्या कपाळावरच्या मातीत काही नव्हते. केदारच्या कपाळावर नुसता घाम. मल्लम्माच्या कपाळावरच्या चिमूटभर मातीत मात्र अंडे सापडले, तपकिरी, लंबगोल, एका टोकाला झाकण असलेले.

सर आले. माझ्यावर बराच वेळ वाकून म्हणाले, "अंडे आहे. पण आईच्या कपाळावरचा पुरावा कसा मानू? माती पुन्हा काढा, माझ्यासमोर."

"आता त्या टेकाडावर पाय ठिवायचा न्हाई," अण्णा कडाडले. "गाव लई नावं ठिवतंय." शिवांजलीच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या वर्षांचे काम मातीत गेले, असे मलाही वाटले.

"व्हती तरी कशाची गं ती?" मल्लम्माने विचारले. शिवांजलीने मासे, जंत, शौचखड्डा, सगळे सांगून टाकले. आता ही किंचाळत न्हाणीत पळणार, अशी माझी खात्री होती.

मल्लम्माचा हात कपाळापर्यंत गेला आणि थांबला. "आपल्याच गावची मानसं ना ती?"

"व्हय."

"मंग? आपल्या लिंगायतांत कुठं इटाळ मानत्यात?" तिने कोपऱ्यातले खुरपे उचलले. "चला मास्तर." मग ती अण्णांकडे वळली. "आन तुमी गावाला सांगा, मल्लम्मा सोनं उकराया गेलीया म्हनून."

मित्रांनो, डब्यांवर नावे लिहीत जा आणि माझी भिंगे मऊ फडक्याने पुसत जा. त्यांतून मी पुष्कळांवर संशय घेतला. त्या बाईवर मात्र घेता आला नाही.