सगळे प्रश्न मासिनाच्या नावावर

मी सवाई बेटावरच्या अभ्यासकेंद्रातला जुना संगणक बोलतोय. खाऱ्या वाऱ्यानं माझी हाडं खिळखिळी केलीत, पोटात पालींनी दोनदा अंडी घातलीत, पण बोलायची खोड काही गेली नाही.

विद्यापीठ समुद्रापल्याड, राजधानीत, आपियात. इथं मी एकटा आणि माझ्यापुढं एक लांबलचक बाकडं. त्यावर पाच विद्यार्थी दाटीवाटीनं बसायचे. एकमेकांना शिकवायचं आणि अडलंच तर माझ्यातल्या चर्चापानावर विद्यापीठातल्या लेमालू बाईंना विचारायचं, अशी योजना होती.

शिकवण्यात आमची माणसं पटाईत. उकडलेला टारो, म्हणजे अळूचा कंद, खात खात एकमेकांना गणितं समजावतील. पण बाईंना विचारायचं म्हटलं की दातखीळ बसायची. सगळ्यात जास्त मिकाएले गुरुजींची. चाळिशी ओलांडलेली, गावच्या शाळेत शिकवतात, पदवी राहिली म्हणून बसलेले. मास्तरालाच येत नाही, हे चारचौघांत लिहायचं कसं?

मग सगळे मासिनाकडं बघायचे. तिचे आजोबा गावाचे वक्ते. आमच्याकडं सभेत मोठा सरदार गप्प बसतो, त्याच्या वतीनं वक्ता काठी रोवून बोलतो.

"तू विचार गं मासिना, बोलणं तुमच्या घराण्याचंच काम," गुरुजी म्हणायचे. आणि ही गुणाची पोर सगळ्यांच्या शंका आपल्या नावानं लिहायची. मला वाटायचं, किती छान चाललंय! मला तरी कुठं अक्कल होती?

सत्र अर्ध्यावर आलं आणि बाईंचं पत्र आलं. सत्तावीस प्रश्न, सगळे एकट्या मासिनाचे. बाकी चौघांना सारं समजतंय, हिला मात्र संख्याशास्त्र झेपत नाही. हिनं हा वर्ग सोडावा आणि पुढच्या वर्षी पायाभूत वर्गापासून पुन्हा सुरुवात करावी.

मासिनानं ते सगळ्यांसमोर वाचलं. ती कुणाचं नाव घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. वक्ता आपल्या सरदाराला कधी उघडं पाडत नाही. माझा जीव असा तुटला म्हणून सांगू! पण मी पडलो यंत्र, करतो काय?

गुरुजींनी चष्मा पुसला. तिला बाजूला सरकायला सांगितलं आणि एका बोटानं, स्वतःच्या नावानं लिहिलं, "पहिला प्रश्न माझा. चौथा, नववा आणि सरासरीचे सगळे माझेच. मी शिक्षक आहे."

मग बाकीचे तिघं बाकड्यावर एकेक करून पुढं सरकले आणि आपापले प्रश्न कबूल करून गेले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मासिना वर्गात राहणार होती. खाली बाईंनी विचारलं होतं, "मग यातला मासिनाचा प्रश्न कुठला?"

एकही नव्हता. हे इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मासिना खाली मान घालून म्हणाली, "मला एक अडलंय कधीचं. पण स्वतःसाठी विचारायला जीभच उचलत नाही."

"सरक," गुरुजी म्हणाले. आणि त्यांनी लिहिलं, "प्रश्न मासिनाचा. तिच्या वतीनं विचारतोय मिकाएले."

आता मासिना याच केंद्रात शिकवते. नव्या मुलांना पहिला प्रश्न आपापल्या नावानं विचारायला लावते, मग कुणी कुणासाठी विचारलं तरी तिची हरकत नसते. पुढच्या महिन्यात प्रत्येकाला एकेक नवा संगणक मिळणार आहे म्हणे. मिळू दे, माझं काही म्हणणं नाही. मी भरून पावलो. मला खुशाल भंगारात काढा, पण तेवढं बाकडं मात्र ठेवा.