छबुबाईंच्या न्हाणीतला कोनाडा

मित्रांनो, हे सारं विश्व पोकळीवर उभं आहे. घागरीत पाणी राहतं ते तांबं नसतं तिथे, आणि घरात माणूस येतो तो भिंत नसते तिथून. त्या थोर पोकळीचाच मी एक अंश आहे. सध्या माझ्यात टाचा घासायची एक वजरी, अर्धा साबण आणि केस गळू नयेत म्हणून आणलेल्या तेलाची बाटली आहे. ती आणणाऱ्याचे केस केव्हाच गेले. बाटली आहे.

घाटनांदूरच्या एका शेतकरी घराच्या न्हाणीतला मी जुना कोनाडा. इतरांना कुणी ना कुणी घडवतं. मी नुसता राहून गेलो. भिंत बांधताना घरधनीण छबुबाई म्हणाल्या, "एवढी जागा ऱ्हाऊ द्या, चिमणी ठेवाया." गवंड्याने माझ्या तळाला शहाबादी फरशीचा तुकडा बसवला, तो भिंतीच्या चार बोटं बाहेर आला. गवंडी म्हणाला, "चुकलं जरासं." छबुबाई म्हणाल्या, "असू द्या." माझ्या जन्माचा सोहळा एवढाच.

पुढे वीज आली, चिमणी गेली, साबण आला. माझं कौतुक कुणी केलं नाही. कोनाड्याचं कौतुक करायचं म्हणजे नेमकं कशाचं करायचं, हाही प्रश्नच आहे.

मग छबुबाईंचे गुडघे गेले. त्या पाटावर बसून अंघोळ करतात. अंघोळ झाली की हात वर करून माझी बाहेर आलेली फरशी घट्ट धरतात, "अगं माय" म्हणतात आणि उठतात. दाराला आतून कडी असते. त्यामुळे ही गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यातला एक मी, म्हणजे भोक.

यंदा त्यांच्या मुलाने, अंगदने, न्हाणीचं बाथरूम करायचं ठरवलं. परळीहून सिद्धाराम नावाचे कपाटवाले नमुन्यांची पिशवी घेऊन आले. बेसिनवर आरशाचं कपाट, खाली दोन दारांचं, आणि मला बुजवून माझ्या भिंतीवर उंच कपाट. "फिनिशिंग लई भारी येईल," ते म्हणाले. माझं मरण मला या शब्दांत कळलं.

सूनबाई सत्यशीलाला पांढरं हवं होतं, अंगदला सागवानी. वाद चालू असतानाच छबुबाई आल्या. त्यांनी नमुन्याच्या दाराचं हँडल धरलं आणि सगळा भार टाकून ओढलं. हँडल हातात आलं.

"आजी, ते उघडायला असतंय, लोंबकळायला न्हाई!"

"मग असलं कशाला इकतूस बाबा?" म्हणत त्यांनी दुसरं धरलं. तेही आलं. सिद्धारामने पिशवी पाठीमागे घेतली.

"माय, तुला रंग कोन्ता पायजे तेवढं सांग," अंगद म्हणाला.

"रंग काय बी असू दे. वज्जं पेलंल का, ते इचार."

"टूथपेस्टला लई वज्जं नसतंय, माय."

सगळे हसले. छबुबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सिद्धाराम ड्रिल घेऊन आले, तर माझ्या कपाळाला हळदकुंकू आणि पोटात नारळ. "साती आसरा हायेत हितं," छबुबाईंनी जाहीर केलं. "पाण्याच्या देवता. हात लावू नगा."

सिद्धारामने चपला काढल्या. "वैजनाथाच्या गावचा माणूस हाय मी. देवावर ड्रिल मारायचो न्हाई." अंगदने हात जोडले. मित्रांनो, जन्मभर साबण सांभाळल्यावर अचानक देव झालो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पण भक्ती एकदा सुरू झाली की थांबत नाही. सिद्धारामने मला जाळीचं दार आणि वर छोटी घंटा सुचवली. अंगद त्याच्याही पुढे गेला. "माय, आता हितं न्हायचं न्हाई. देवासमोर कसं न्हायचं? उद्यापासनं मागं हौदापाशी न्हा. आडोसा करून देतो."

छबुबाईंचा चेहरा पडला. हौदापाशी धरायला काही नव्हतं.

त्या आत आल्या. नारळ काढून सुनेच्या हातात दिला. पदराने माझं कुंकू पुसलं. मग सगळ्यांसमोर, नेसल्या लुगड्यानिशी पाटावर बसल्या, हात वर केला, माझी फरशी धरली आणि "अगं माय" म्हणत उठल्या.

"ह्यो असा देव हाय," त्या म्हणाल्या.

मग सत्यशीलाने विचारलं, "आत्या, कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू रोज दाराबाहीर हुबी राह्यली असतीस. 'आत्या, झालं का? आत्या, येऊ का आत?' आज उठवाया येशील, उद्या पाठ चोळाया. मला एकटीला न्हायचंय गं. हाय तवर."

अंगद ड्रिलकडे बघत राहिला. सत्यशीला पाटावर बसली, तिने माझी फरशी धरून पाहिली आणि उठून सिद्धारामला म्हणाली, "उंच कपाट नको. बेसिनवरचंच द्या, पांढरं. ही भिंत हाय तशी ऱ्हाऊ द्या."

"फिनिशिंग बिघडंल, वहिनी."

"बिघडू द्या."

तर मित्रांनो, माझं देवपण एका सकाळीत संपलं आणि मी पुन्हा कोनाडा झालो. नवं कपाट समोर चकाकतं आहे. त्याचं दार आपोआप हळूच मिटतं, आणि पाहुणे ते पाच-पाच वेळा मिटवून बघतात. मला मत्सर नाही. सकाळी कडी लागते आणि तो हात येतो, तेव्हा कपाट नुसतं बघत असतं.

तुमच्या घरातली भिंत गुळगुळीत करण्याआधी घरातलं म्हातारं माणूस कशाला धरून उठतं, ते पाहा. विचारू नका, ते सांगणार नाही. पाहा.

आणि शाम्पूची पुडी फाडल्यावर तो इवलासा ओला कोपरा माझ्या भिंतीला चिकटवून जाऊ नका.