कचरूकाकांच्या हातातला उजेड

फ्रेम ११

काळी. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून ओट्यावर ठेवलेला, बंद. मी नुसती जागा बघत होतो.

फ्रेम ११ च्या आधी

चतुराबाई मावशींनी फोनवर विचारलं होतं, "तौफिक, त्यो चमकायचा दिवा लांबून लावत्यात न्हाई का, त्यो धराया माणूस लागतो?"

"स्टँड हाय माझ्याकडं, मावशी."

"स्टँड आणू नको."

त्या आठवड्यात त्यांनी घनसावंगीला जाऊन बक्षीसपत्र केलं होतं. रस्त्यालगतची दोन गुंठे जागा, नवऱ्याच्या वाटणीची, मुलींच्या अभ्यासिकेला दिली. धाकटे दीर कचरूकाका त्या जागेवर कधीपासून ट्रॅक्टर उभा करतात. वयनीच्या मागं ती आपलीच, तिथं गाळे काढू, असं धरून चालतात. त्यांना अजून पत्ता नव्हता.

मावशींची अट एकच. अभ्यासिकेच्या भिंतीत काळ्या ग्रॅनाइटवर त्यांचा चेहरा कोरायचा, कचरूकाकांच्या दाराकडं बघणारा. जालन्याचा कारागीर म्हणाला, समोरून उजेड पडलेला फोटो दगडात सपाट होतो. एका अंगानं उजेड पाडा, म्हणजे नाक, गाल, सुरकुत्या उठतील.

तो उजेड कचरूकाकांनीच धरायचा, हे कारागिरानं सांगितलं नव्हतं. ते मावशींचं.

दुसरा एक फोटो, माझा नाही

अंगदच्या लग्नातला. काकांच्या बैठकीत अजून लावलेला आहे. काढला माझ्या अब्बांनी.

मावशींचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अंगद कचरूकाकांचा मुलगा, पण त्याला वाढवलं मावशींनी. सगळे उभे राहिले, त्याही राहिल्या. काका म्हणाले, "वयनी, तुमी जरा बाजूला व्हा. शुभ काम हाय."

त्या सरकल्या. अब्बा थांबले, आणि त्या पुऱ्या सरकल्यावर त्यांनी बटण दाबलं. तरी डाव्या कडेला लुगड्याचं बोटभर टोक आलंच.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

फ्रेम १२

पांढरी. फ्लॅश जास्त झाला. समोरच्या घरातून हे चमकणं दिसलं आणि कचरूकाका रस्ता ओलांडून आले.

"काय वयनी, बायोडाटा काढून राह्यल्या का?"

"हाव. तुमच्या पाहण्यात असला कोणी तर सांगा."

काका हसले. "न्हाई, बराबर हाय. भितीवर लावायला एखादा लागंलच पुढं. काढून ठेवल्याला बरा."

"मंग धरा की जरा ह्यो दिवा. ह्याच्याजवळ स्टँड न्हाई."

"खर्चा करून बोलावलं अन् स्टँड न्हाई?" ते माझ्याकडं वळले. "तुझा बाप समदं सामान आणायचा रे."

मी फ्लॅश त्यांच्या हातात दिला. माझ्या डावीकडं उभं केलं, हात लांब, मावशींच्या डोक्याच्या थोडा वर. ती जागा मावशींनी आदल्या दिवशीच पायानं रेघ ओढून दाखवली होती. दगड बसला की काकांचं दार त्याच बाजूला येतं. नजर तिकडंच जायला पाहिजे.

फ्रेम १३, १४, १६

भिंत. भिंत आणि कान. भिंत.

कॅमेरा डोळ्याला लावला की मावशी सरकायच्या. एक पाऊल, मग अर्धं. त्यांना स्वतःला कळत नव्हतं. "हालल्या तुम्ही," मी म्हणायचो, तर त्या खाली बघायच्या आणि पायांवर चिडायच्या.

मला भीती वाटायला लागली. काका कंटाळून निघून गेले असते, तर दुसऱ्यांदा ते काही हातात आले नसते. बक्षीसपत्राची बातमी गावात फुटायला दोन दिवस पुष्कळ.

फ्रेम १५

काकांचं कोपर. चुकून.

फ्रेम १७

अर्धा चेहरा, तोही कडेला, अंधारात. उजेड मोकळ्या भिंतीवर.

"आवं वयनी, मधी या ना," काका करवादले. "कडंला काय जाऊन राह्यल्या?"

मावशी थांबल्या. "काय म्हन्ले भाऊजी?"

"मधी या म्हन्लं. जल्दी. माझा हात भरून आला."

"आजून एकडाव म्हना. ऐकू आलं न्हाई."

"मधी या."

त्या आल्या. पाय रोवून उभ्या राहिल्या.

फ्रेम १८

ही दगडावर गेली.

मी म्हणालो, मावशी, उजेडाकडं बघा. त्यांनी फ्लॅशकडं बघितलं नाही, धरणाऱ्याकडं बघितलं, आणि भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं:

"भाऊजी, ट्रॅक्टरला दुसरी जागा बघा. ती मी पोरींच्या अभ्यासिकेला देऊन टाकली. रजिष्ट्री झाली. अन् ह्यो फोटो तिथंच लागणार हाय, तुमच्या दाराकडं तोंड करून. बाराही म्हयने."

काकांचा हात तसाच वर राहिला. खाली घ्यायचं सुचलं नाही त्यांना. उजेड अगदी बरोबर जागी होता.

मी दाबलं.

डावीकडचा गाल उजळ, उजवीकडचा काळोखात. कपाळावरच्या सगळ्या रेघा उठल्या आहेत. दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका. तोंड मिटलेलं, पण हसणं लपत नाही.

फ्रेम १९

काकांच्या चपला, लख्ख.

"डिलीट कर," ते म्हणाले.

"कोणता, काका?"

"समदे."

"लाइट तर तुम्हीच धरला. असा उजेड मला स्टँडवर जमला नसता."

त्यांनी फ्लॅश ओट्यावर आपटला. काच तडकली. मी भरून मागितली नाही. त्या लग्नातल्या फोटोपायी अब्बांच्या वाटणीची ती माझ्याकडून गेली असं धरलं.

नंतर, कॅमेरा नसताना

दगड बसला. पंधरा दिवसांत कचरूकाकांनी पुढचं दार विटांनी बुजवलं आणि मागच्या भिंतीला नवं पाडलं. वास्तूचा दोष निघाला म्हणतात. आता ते म्हशींच्या गोठ्यातून, शेण चुकवत रस्त्यावर येतात.

मावशींनीच फोन करून हे सांगितलं.

मग म्हणाल्या, "तौफिक, त्यांच्या मागली जागा कुणाची हाय रे? इचारून ठेव."