हळदीचा उंट

माझ्या उंटाचं नाव शिवा. वय नऊ, स्वभाव वाईट. उरणच्या किनाऱ्यावर तो मुलांना पाठीवर फिरवतो आणि फेरी संपली की त्यांच्या आईबापांकडे असं बघतो की लोक उगाच माफी मागतात. माझं घर त्याच्यावर चालतं आणि हे त्याला माहीत आहे.

वीस मार्च दोन हजार वीसला उलव्यातल्या एका हळदीत आम्हाला बोलावलं होतं. नवरदेव धनेश. त्याचा बाप जयदेवशेठ. गावात प्रत्येकाचा घोडा आणून झाला होता आणि हेलिकॉप्टरला परवानगी मिळेना, म्हणून उंट. सरकार सांगत होतं गर्दी करू नका. जयदेवशेठ म्हणाला, गर्दी कुठाय, सगळे घरचेच हायेत. घरचे सहाशे होते.

मांडवाच्या तोंडाशीच शिवा शिंकला. पुढच्या तीन रांगा ओल्या झाल्या.

डीजेवाल्याच्या मोबाइलवर सौदीचा एक जुना फॉरवर्ड होता: कोरोना उंटातून माणसात येतो. तो त्याने माईकवर वाचला. दोनदा, एकदा इको लावून.

"बरोबर हाय!" देवजीमामा ओरडला. हा धनेशचा मामा, दुबईला क्रेन चालवतो, तीन दिवसांपूर्वी आलेला. "मी तिकडं रेतो. उंट काय चीज हाय ते मला इचारा." मग तो खूप खोकला. एसीची सवय सुटली की असं होतं, हे त्याने आल्यापासून सगळ्यांना मिठी मारून सांगितलं होतं.

धनेशची बहीण पूर्वी नर्सिंगला आहे. ती म्हणाली, "मामा, तो मर्स. वेगळा कोरोना, अरबस्तानातला. हा नवा वटवाघळातून आला असेल म्हणतात. तिथून माणसापर्यंत आणणारं मधलं जनावर कुठलं ते अजून कुणालाच माहीत नाही."

"मंग ह्योच तो मधला!"

जगभरचे शास्त्रज्ञ शोधत होते ते जनावर उलव्यात सापडलं, म्हणून लोकांना आधी अभिमान वाटला. मग राग आला.

"खाडीत घाला त्याला," मामा म्हणाला. "भरती लागलीय."

खाडीच्या चिखलात उंटाचे पाय रुतले की तो परत येत नाही. आठ-दहा जणांनी दोरी धरली. दुसरं टोक माझ्या हातात.

"तो राजस्थानचा आहे," मी म्हटलं. "त्याच्याकडे पासपोर्ट नाही."

"गप रे भिकारचोट!"

"आधी मला घाला खाडीत."

यावर कुणाचीच हरकत नव्हती. मला खांद्याला धरून निघालेसुद्धा. शिवा जागचा हलला नाही, पण ते माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे. मामाने डावा हात वर करून खाडीची दिशा दाखवली. हात मनगटापर्यंत पिवळाधमक.

"थांब रं देवज्या."

यशोदाबाई उठली. ती धवलारीण, म्हणजे आमच्याकडे लग्नातली गाणी म्हणणारी आणि सगळे विधी करून घेणारी बाई. ती बोलली की डीजेसुद्धा बंद होतो. झाला.

"तुज्या हाताला हलद कशी?"

"लावली, बाय. गंमत."

"देवाला हलद चढली नाय. मी गानं बोलले नाय. नवरा कोरडा बसलाय. आनि तुजी गंमत?"

"मामा परवापासून पिवळाच आहे," पूर्वी म्हणाली. "मला वाटलं कावीळ."

आता सहाशे माणसं उंटाला विसरली. रोग काय, येतो जातो. देवाच्या आधी हळद म्हणजे कुळाला बट्टा. यशोदाबाईने मामाचं मनगट पकडलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि भांडी घासायच्या काथ्याने हात घासला. हळद गेली. खाली विमानतळावर मारलेला जांभळा शिक्का होता. मतदानाची शाई, ती काथ्याला ऐकत नाही.

पूर्वीने वाचलं, "घरात अलग राहणे. एकतीस मार्चपर्यंत."

सगळे एकदम मागे सरकले. मागे जेवणाची टेबलं होती. ज्यांनी शिवाची दोरी धरली होती, ते मामाने मारलेल्या मिठ्या मोजत बसले.

जयदेवशेठने अँब्युलन्सला फोन लावला, एंगेज. रिक्षावाले शिक्का ऐकूनच पळाले. दारात पाहुण्यांच्या चौदा गाड्या उभ्या होत्या, त्या चौदाही एकाच वेळी बिघडल्या. मामा मधोमध एकटा, ओला हात पुढे धरून उभा. दुबईला राहिल्याचं त्याला आता आठवत नव्हतं.

यशोदाबाईने बोट दाखवलं. "त्याच्यावर बसवा."

जयदेवशेठ लांबूनच मला म्हणाला, "मिथुन भाऊ, तेवढं सरकारी दवाखान्यात..."

"पण हा मधला आहे ना?"

"चालंल."

"आधी मामाने शिवाची माफी मागायची. माईकवर."

"माझा माईक नाय देनार!" डीजेवाला किंचाळला.

मामाने तोंडीच माफी मागितली. शिवाने त्याच्याकडे किनाऱ्यावर बघतो तसं बघितलं आणि गुडघे टेकले.

नवरदेवासाठी शिवाला लावलेल्या लायटिंगसकट आम्ही निघालो. मामा वर, मी खाली. सरकारला हवं तेवढं अंतर आपोआप पडलं. चौकात येईपर्यंत मामा शिवाच्या मानेवर चार वेळा शिंकला.

"ए उंटवाल्या!" मागून पूर्वी ओरडली. "जनावराला जप! माणसाकडून त्यालाही लागू शकतो!"

मी थांबलो, खिशातला रुमाल काढला आणि शिवाच्या नाकातोंडावर घट्ट बांधला.

त्याने तो खाल्ला.