साठ हजारांचा सल्ला

लॅपटॉप घ्यायचा असला की आमच्या वडशाचा माणूस आधी माझ्या दुकानात येतो, पंधरा मिनिटं डोकं खातो आणि मग नागपूरला जाऊन भलताच घेऊन येतो. बावीस वर्षं झाली मला या धंद्यात. आधी टीव्ही, मग मोबाइल, आता लॅपटॉप. बसस्टँडसमोर नीलाबाईचं दुकान विचारलं तर कोणीही दाखवेल. दुरुस्तीचे पैसे लोक कुरकुर करत का होईना देतात, सल्ला मात्र सगळ्यांना फुकट हवा असतो. म्हणून मी तो आखूडच ठेवते. गेमिंग लॅपटॉप घेऊ का, असं कोणी विचारलं की मान वर न करता सांगते की अर्धे पैसे त्या रंगीत दिव्यांचे असतात, साठ हजारांचा साधा घे, सगळं होतं त्यावर.

मे महिन्यातली दुपार होती. एक वाजला होता, बाहेर बघवत नव्हतं एवढं ऊन, आणि अशा वेळी सोमाजीभाऊ सायकलवरून आले. नऊ किलोमीटरवरच्या गावात त्यांचं घर. गावच्या तलावात मासे धरतात, बाजाराच्या दिवशी मी मरळ त्यांच्याकडूनच घेते. कॅरिअरवर दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं होतं. मला वाटलं, घरी पाहुणे असतील, मासोळी आणली असेल. दुपट्टा सोडला तर आतून काळा, जाडजूड, भारीतला गेमिंग लॅपटॉप निघाला.

"बाई, खरं सांगा," ते म्हणाले. "हा एक लाख ब्याऐंशी हजाराचा आहे. तेवढ्याचा आहे का नाई?"

विकायचा असेल असं समजून मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. चार दिवसांपासून असाच मेला आहे, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. मेलेल्या लॅपटॉपची किंमत विचारायला भर उन्हात नऊ किलोमीटर सायकल मारणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि काय ते नीट सांगा म्हटलं.

लॅपटॉप त्यांच्या मुलीचा, भाग्यश्रीचा. आमच्या झाडीपट्टीच्या दोन नाटक कंपन्यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी मोठी स्क्रीन लावायला सुरुवात केली, तिच्यावरची हलती दृश्यं ही मुलगी बनवते. राजाचा दरबार, जळणारं गाव, असलं सगळं. दोन हिवाळे तिनं कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरवर काम केलं, पैसा न पैसा साठवला आणि डिसेंबरात हा घेऊन आली. किंमत ऐकून सोमाजीभाऊंचं डोकं फिरलं. भर अंगणात, चार शेजाऱ्यांसमोर, नागपूरच्या दुकानदारानं तुला टोपी घातली, असं ते बोलून बसले. तुम्हाला काय समजतं त्यातलं, असं ती म्हणाली.

"तवा मी म्हणलं, मले नाई समजत, पण नीलाबाईले तं समजते. ते म्हणते साठ हजारात होते."

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तिथंच थांबला. लॅपटॉप घ्यायच्या आधी भाग्यश्री माझ्याकडे विचारायला येऊन गेली होती, आणि मी काय म्हणाले ते तिनंच घरी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. मला अंधुक आठवलं. दिवाळीनंतरची गर्दी, काउंटरपलीकडे फाइल घेतलेली एक सडपातळ मुलगी, तिचं काहीतरी सांगायला सुरुवात करणं, आणि मी तिला मध्येच तोडून दिलेलं ते ठरलेलं उत्तर. डिसेंबरातल्या त्या भांडणापासून पाच महिने बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. जेवायला ये एवढंसुद्धा आईच्या तोंडून.

माझी चूक दिसली की मला आधी राग येतो, लाज मागून येते. मी फणकाऱ्यानं म्हटलं की मी सगळ्यांना हेच सांगते, आणि बरोबरच सांगते. सोमाजीभाऊंनी वाद घातला नाही. ते नुसते आठवून बोलल्यासारखं बोलले.

"आमच्याकडे जाळं घ्याचं म्हणून कोणी विचारलं तं आम्ही पयले विचारतो, मासोळी कोणती धरतं? झिंग्याचं जाळं अलग, मरळीचं अलग. तुमच्यात तसं नसन."

आमच्यातही तसंच असतं. फक्त बावीस वर्षांत मी ते विचारायचं सोडून दिलं होतं. लाज आली ती तेव्हा आली, आणि चांगलीच आली.

मी मुकाट्यानं पाठ उघडली. आतून ओल्या गवताचा वास आला. बोर्डावर क्षाराचे पांढरे डाग, चार्जिंगच्या भागात हिरवा गंज. आमच्या भागात हा वास ओळखायला शिकावं लागत नाही, उन्हाळ्यात घरोघरी तोच असतो.

"कूलरसमोर ठेवला होता का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मावशीच्या ऑपरेशनसाठी भाग्यश्री पंधरा दिवस नागपूरला गेली. जाताना आईला म्हणाली, पण यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, की याला गरम होऊ देऊ नका. पाच महिन्यांत बापाच्या कानावर घातलेलं तिचं तेवढंच एक वाक्य. घरावर टिनाचं छप्पर, दुपारी आत भट्टी होते. मग यांनी रोज अकरा वाजता लॅपटॉप स्टुलावर, कूलरच्या तोंडाशी, सगळी हवा त्यालाच लागेल असा ठेवायला सुरुवात केली. पाच वाजता परत कपाटात. कूलरची हवा थंड असते ती पाण्यामुळे, आणि ते पाणी बारीक तुषारांनी आत शिरत राहिलं. अकराव्या दिवशी तिनं फोनवर आईला चालू करून बघायला सांगितलं. तो चालू झाला नाही, आणि आईनं तिला खोटंच सांगितलं की ठीक आहे.

"आज चारच्या गाडीनं येऊन राह्यली," सोमाजीभाऊ म्हणाले. "तिले वाटन मी रागानं केलं. एवढ्या पैशाचा नाई म्हणलं होतं ना मी. आता कितीबी सांगा, तिले तसंच वाटन."

मग किंमत कशाला विचारता, असं मी विचारलं. ते म्हणाले, तो खरंच तेवढ्याचा असेल तर आपण पोरीचं किती मोठं नुकसान केलं हे आपल्याला माहीत पाहिजे. तिच्यासमोर उभं राहायचं तर तेवढं तरी माहीत पाहिजे.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. ब्रशनं आणि औषधानं बोर्ड धुतला, ड्रायरनं वाळवला, जळालेला एक बारीक पार्ट भंगारातल्या बोर्डावरून काढून लावला. सोमाजीभाऊ पूर्ण वेळ मांडीवर हात ठेवून बसले होते, चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. सव्वातीनला बटण दाबलं आणि सगळा कीबोर्ड रंगीत दिव्यांनी उजळला. त्या दिव्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली, त्या दिवशी मात्र ते पहिल्यांदा बरे वाटले.

पण नुसतं चालू होणं पुरत नाही, ताण दिल्यावर टिकला पाहिजे. पासवर्ड नव्हताच, घरात उघडणार कोण? तिच्या कामातलं एक दृश्य मी नव्यानं तयार करायला लावलं. पावसातलं रेल्वे स्टेशन, काचेवरून ओघळणारं पाणी, लांबून येणारा गाडीचा दिवा. तेच दृश्य माझ्याकडच्या साठ हजारांच्या लॅपटॉपवरही घातलं. तिच्या लॅपटॉपचे पंखे घोंघावले आणि तुकडा चार मिनिटांत तयार झाला. पावणेचारला माझा अजून पहिल्या थेंबातच अडकला होता. ज्या नाटक कंपनीला सकाळी सांगून त्याच रात्री दृश्य हवं असतं, तिला तो काय कामाचा?

"सोमाजीभाऊ," मी म्हटलं, "हा तेवढ्याच पैशाचा हाये. तिनं बरोबर घेतला. मीच चुकली."

त्यांचा चेहरा आधी खुलला आणि मग पार उतरला. कारण आता सगळी चूक त्यांच्याकडे आली होती, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना समजावलं की लॅपटॉप चालू झालाय, कूलरचं काही सांगू नका, साफ करायला आणला होता असं मी सांगते. चारला पाच मिनिटं कमी असताना ते उठून बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

एसटीतून उतरताच भाग्यश्रीनं बापाला पाहिलं आणि धावतच रस्ता ओलांडून आली. आईला काही झालं का, हे तिनं त्यांना नाही, मला विचारलं. तेवढ्यात तिला काउंटरवर पाठ खोलून ठेवलेला तिचा लॅपटॉप दिसला. तिचा चेहरा असा झाला की मी ठरवलेलं खोटं लगेच बोलायला गेले.

सोमाजीभाऊ माझ्या आधी बोलले. "मी कूलरसमोर ठेवत होतो त्याले. पाणी गेलं अंदर. रागानं नाई ठेवला मी, थंडा राहावा म्हणून ठेवला. बाईनं चालू केला आता."

बॅग खांद्यावरून न उतरवता तिनं तिचं स्टेशन बघितलं, एक-दोन कळा दाबल्या. मग स्क्रीनवरच नजर ठेवून विचारलं, "कितीक दिवस?"

"अकरा. दुपारभर."

"घरी तं एकच कूलर हाये." आता ती त्यांच्याकडे वळली. "मंग तुम्ही कुठी होते?"

सोमाजीभाऊंना तो प्रश्न उत्तर देण्याइतका मोठा वाटला नसावा. "आई जाये शेजारी," ते म्हणाले. "मी तलावावर. पाळीवर."

पारा त्या आठवड्यात सेहेचाळीसच्या खाली आला नव्हता आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सावली म्हणाल तर बाभळीची. भाग्यश्रीनं बापाचं मनगट धरलं आणि ती उभ्या उभ्याच रडायला लागली, पाच महिन्यांचं सगळं एकदम. ते तिच्या डोक्यावर हात ठेवू की नको अशा विचारात तसेच उभे राहिले, आणि मग ठेवला. तिची माफी मागायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं, आणि लॅपटॉपचे स्क्रू एकेक करून बसवायला घेतले.