दारामागून दिसलेला शेंगदाणा

मित्रांनो, मी एक जुना दगडी खलबत्ता आहे. पण मधली काही वर्षे मी दाराला टेकवलेला नुसता दगड होतो. तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

बीडकडच्या एका पाथरवटाने मला छिन्नीने घडवले. आठवडी बाजारात सोजराबाईंनी मला बोटाने वाजवून पाहिले आणि डोक्यावर घेऊन घरी आणले. मग काय विचारता! लसूण, मिरे, सुंठ, सगळ्यांचा मी आणि माझ्या बत्त्याने मिळून भुगा केला. सोजराबाईंचा निरंजन लहान असताना शेंगदाण्याचा कूट माझ्यातच व्हायचा, अगदी पिठासारखा. लोक म्हणत, "सोजराबाईंच्या हाताला चव आहे." त्या चवीत माझाही वाटा होता, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. असो.

पुढे निरंजनला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही सगळे जवळच्या कुरुळी गावात दोन खोल्यांत आलो. तिथे मिक्सर आला. त्याचा रुबाब काय वर्णावा! माझा बत्ता खिळे ठोकायला गेला आणि तिथून माळ्यावर, अवजारांच्या पेटीत. दार वाऱ्याने आपटते म्हणून मी दारामागे. खरे सांगतो, मी फार रुसलो होतो.

तो रुसवा घालवला समर्थने. निरंजन आणि त्याची बायको वर्षाली यांचे हे बाळ रांगू लागले आणि थेट माझ्यापाशी येऊन माझ्या काठावर थापा मारू लागले. त्या घरात माझ्या उंचीचे तेवढे एकच माणूस होते! त्यालाही जमिनीवरचे सगळे दिसायचे आणि मलाही.

एकदा निरंजनच्या कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. घरच्यांनाही बोलावले होते. बाळाच्या घशात काही अडकले तर काय करायचे, ते एका रबरी बाहुल्यावर शिकवले. वर्षालीने स्वतः करून पाहिले. निरंजन तेवढा वेळ वडापावच्या रांगेत होता. घरी येऊन ती उशी हातावर पालथी धरून दाखवू लागली, तशा सोजराबाई हसल्या.

"अगं, लेकराला कुणी असं उलटं धरतंय व्हय? ठसका लागला की 'वर बघ, चिमणी बघ' म्हणावं. सुटतंय आपोआप."

सगळेच हसले. मीही हसलो.

त्याच सुमारास समर्थ नवीन विद्या शिकला. बारीकसारीक वस्तू चिमटीत धरून उचलायची. त्याने काही उचलले की घरभर टाळ्या पडत आणि तो ऐटीत सगळ्यांकडे बघे.

एका सकाळी सोजराबाई भाजलेले शेंगदाणे सुपात पाखडत बसल्या होत्या. टरफले उडत होती. त्यांतच एक दाणा सुपाबाहेर उडाला, टुणटुणत आला आणि माझ्या पायाशी थांबला. कोणालाच दिसला नाही. मला दिसला. आणि समर्थलाही.

तो रांगत आला. त्याने तो दाणा अलगद चिमटीत धरला आणि माझ्याकडे पाहून हसला. टाळ्या वाजवायला त्या क्षणी मीच होतो ना! मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण दगडाला तोंड कुठले? दाणा तोंडात गेला.

आधी जरासा खोकल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. रडणे नाही, खोकला नाही. तोंड उघडे, डोळे विस्फारलेले, ओठ निळसर होऊ लागलेले. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही.

सोजराबाईंनी सूप टाकून त्याला उभे उचलले आणि टाळूवर थोपटत म्हणू लागल्या, "वर बघ बाळा, चिमणी बघ, चिमणी!" निरंजन धावत आला आणि त्याच्या तोंडात बोट घालू लागला.

"अहो, बोट नका घालू! दाणा आणखी आत जाईल. एकशे आठला फोन लावा!" वर्षाली किंचाळली. "आई, द्या इकडं. डोकं खाली पाहिजे!"

ती मांडी पुढे करून तिथेच बसली. बाळाला हातावर पालथे घेतले, हनुवटी पंजात धरली, डोके अंगापेक्षा खाली. तळहाताच्या टाचेने पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध पाच थपडा दिल्या. काही नाही. मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाचदा दाबले. काही नाही. तिचे हात थांबत नव्हते. पुन्हा पालथे, पुन्हा थपडा.

आणि तो दाणा उडून माझ्या पोटात येऊन पडला. पाठोपाठ समर्थने असा टाहो फोडला, की इतके गोड रडणे मी कधी ऐकलेले नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासले आणि मगच घरी सोडले. सगळे परत आले, तेव्हाही सोजराबाई दारातच माझ्याजवळ बसून होत्या. माझ्या पोटातला दाणा त्यांनी हातात घेतला.

"मी लेकराला वर बघ म्हणत बसले गं," त्या वर्षालीला म्हणाल्या. "बघायचं व्हतं खाली."

"आई, आता रोज दोघी मिळून बघू," वर्षाली म्हणाली आणि सासूला बिलगून रडली.

मग निरंजनने माळ्यावरून माझा बत्ता काढला. इतक्या वर्षांनी तो माझ्या पोटात टेकला तेव्हा मला भरून आले. आता समर्थचा दाण्याचा कूट पुन्हा माझ्यातच होतो. आणि त्याला खाली सोडण्याआधी सोजराबाई दुखरे गुडघे टेकून, वर्षालीबरोबर घरभर रांगून जमीन बघतात. "आधी खाली बघा," असे आल्यागेल्यालाही बजावतात.

मित्रांनो, मला आता ओट्यावर मानाची जागा मिळाली आहे. सुख आहे. एकच रुखरुख लागते. इथून जमीन दिसत नाही. तुमच्या घरात एखादे रांगते बाळ असेल, तर त्याच्या उंचीवर येऊन बघा: दाणा असेल, फुटाणा असेल, नाणे असेल, खेळण्यातला चपटा सेल असेल. आणि घशात काही अडकले तर काय करायचे, ते आधीच कोणाकडून तरी नीट शिकून घ्या. मला सगळे दिसले होते, पण ओरडता आले नाही. तुम्हाला येते.